पणजीत सायकल भाड्याने घेऊन दोन दिवस फिरता येईल का?

तुम्ही लिहिले आहे की डिसेंबरात दोन दिवस पणजीत मुक्काम आहे, सोबत बारा वर्षांची मुलगी आहे, स्कूटर तुम्हाला चालवता येत नाही आणि दर वेळी टॅक्सी करायची इच्छा नाही. मी पणजीच्या पूर्वेला रायबंदरला राहते आणि पणजीतल्या पाटो भागातल्या कचेरीत बहुतेक दिवस सायकलनेच जाते, म्हणून उत्तर द्यावेसे वाटले.

फिरता येईल, नक्की येईल. पण पणजीत सायकलीचा खरा उपयोग गावाच्या मध्यभागी होत नाही. अठरा जून रस्ता, महात्मा गांधी रस्ता, चर्चसमोरची बाग हा सगळा भाग इतका आटोपशीर आहे की पायीच लवकर होतो. त्यातून एकेरी वाहतूक, दोन्ही बाजूंना लावलेल्या गाड्या आणि अचानक उघडणारी गाडीची दारे. मुलगी सोबत असताना तिथे सायकल घालू नका. सायकल घ्यायची ती मांडवी नदीच्या काठाने जायला आणि फेरीबोटीत चढून पलीकडे उतरायला. हे शहर नदीमुळे वसले. सोळाव्या-सतराव्या शतकातली राजधानी वर जुन्या गोव्याला होती, तिथल्या साथींना कंटाळून १७५९ मध्ये व्हाइसरॉय पणजीच्या आदिलशाही वाड्यात राहायला आला आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. तो वाडा, म्हणजे जुने सचिवालय, आजही नदीकडे तोंड करून उभा आहे. पणजीचे आणि पाण्याचे नाते असे काठाने जातानाच उलगडते.

आता सायकल मिळते कुठे. स्कूटर देणारे पावलोपावली भेटतील, सायकल देणारे कमी. मळा-फोंताइनहास भागातली छोटी अतिथीगृहे आणि हॉस्टेले आपल्या पाहुण्यांना सायकली देतात, काही जण बाहेरच्यांनाही देतात. राहण्याची जागा ठरवतानाच हे विचारा. दर ठरवताना ‘एक दिवस’ म्हणजे चोवीस तास की संध्याकाळपर्यंत, हे स्पष्ट करून घ्या. ओळखपत्राची झेरॉक्स द्या, मूळ आधार कार्ड किंवा पासपोर्ट कोणाच्याही खणात ठेवून येऊ नका. डिपॉझिट दिले तर पावती नाहीतर निदान मोबाइलवर तसा संदेश मागा, आणि सायकलचे चारी बाजूंनी फोटो मालकाच्या समोरच काढा. चांगल्या माणसाला त्याचा राग येत नाही.

विजेवर चालणारी सायकल देत असतील तर मोटरची ताकद विचारा. २५० वॉटपेक्षा कमी आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतली असेल तर तिला परवाना किंवा नोंदणी लागत नाही. त्याहून जोरकस असेल तर ती कायद्याने दुचाकीच झाली, तुम्हाला ती नको. खरे तर तुमच्या बेतासाठी साधी सायकल पुरते, कारण आल्तिनोची टेकडी सोडली तर काठाचा रस्ता बहुतेक सपाट आहे. थोडे गिअर असले तर दिवाडी बेटावरच्या चढावर बरे वाटेल, इतकेच.

हातात आल्यावर दोन्ही ब्रेक दाबून सायकल पुढे ढकला, चाक फिरता कामा नये. खाऱ्या हवेने चेन आणि ब्रेकच्या तारा लवकर गंजतात. चेनवर लाल पूड दिसली तर तेल घालून मागा किंवा दुसरी सायकल मागा. सीटची उंची अशी हवी की पेडल खाली असताना गुडघा जरासाच वाकलेला राहील. भाड्याच्या सायकलींच्या सीट बहुतेक खाली बसवलेल्या असतात आणि मग माणसे गुडघेदुखीचा दोष गोव्याच्या उन्हाला देतात. ट्यूबचे तोंडही बघून ठेवा: बारीक तोंडाचा व्हॉल्व्ह असेल तर पेट्रोल पंपावरची हवा त्यात जात नाही, छोटा पंप मागून घ्यावा लागतो. कुलूप, घंटी, मागचा लाल दिवा आणि मुलीसाठी हेल्मेट यांत तडजोड करू नका.

पहिला दिवस मी पश्चिमेला ठेवीन. सकाळी सातच्या आत जुन्या सचिवालयापाशी निघा. शेजारीच आबे फारिया यांचा पुतळा आहे. कांदोळीत १७५६ मध्ये जन्मलेला हा गोमंतकीय पाद्री युरोपात संमोहनशास्त्राच्या पहिल्या अभ्यासकांत गणला जातो. पुतळा रामचंद्र पांडुरंग कामत यांनी १९४५ मध्ये घडवला आणि पुढे झेपावलेल्या त्या हातांत जो आवेश आहे, तो बघायला मी अजूनही सायकल थांबवते. तिथून नदी उजव्या हाताला ठेवून कांपालकडे जा. जुन्या झाडांच्या सावलीचा रस्ता आहे. कला अकादमीची इमारत चार्ल्स कोरिया यांनी अशी आखली की रस्त्यावरून आत शिरलेला माणूस थेट नदीपर्यंत जावा. पुढे मिरामारला गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांची समाधी आणि मांडवी समुद्राला मिळते ती जागा. मुलगी दमली नसेल तर करंझाळे, दोनापावला. नाहीतर इथूनच फिरा. दोनापावलाच्या शेवटच्या चढात फार काही हरवत नाही.

वाऱ्याचे एक लक्षात ठेवा, कारण हे कोणी सांगत नाही. हिवाळ्यात सकाळी वारा जमिनीवरून, म्हणजे पूर्वेकडून हलका वाहतो. दुपार चढली की समुद्रावरचा वारा सुटतो आणि तो चांगला जोरकस असतो. म्हणून मिरामारला सकाळी जाणे सोपे, आणि परतताना उशीर झाला तरी वारा पाठीवर. पूर्वेला, रायबंदर-जुन्या गोव्याला गेलात तर मात्र दुपारी परतताना तोच वारा तोंडावर बसतो. मी संध्याकाळी कचेरीतून घरी जाते तेव्हा तो मला ढकलत नेतो, तुम्हाला पणजीला परतताना तो अडवील. त्या दिवशी लवकर निघून लवकर परतणे हाच उपाय.

पहिल्याच दिवशी उन्हाच्या वेळी सायकल मुक्कामी ठेवून फोंताइनहास पायी बघा. सायकल सोबत हवीच असेल तर हातात धरून चाला. पिवळी, निळी, गेरू रंगाची घरे, सेंट सेबॅस्टियनचे कपेल म्हणजे छोटे प्रार्थनामंदिर, आणि आत जुन्या गोव्याच्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीज धर्मन्यायालयाच्या, वाड्यातून आलेला, डोळे उघडे असलेला क्रूस. पण ही लोकांची राहती घरे आहेत. कोणाच्या पायरीवर बसून, दाराला सायकल टेकवून फोटो काढणाऱ्यांचा तिथल्या म्हाताऱ्या माणसांना किती त्रास होतो ते मी पाहिले आहे. मुलीला हे आधी सांगून ठेवा, मुले ऐकतात. मळा भागातल्या मारुतीच्या देवळाच्या पायऱ्या चढलात तर वरून ही सगळी कौले एका नजरेत दिसतात.

दुसरा दिवस दिवाडीचा, आणि माझ्या मते याच्यासाठीच सायकल घ्यायची. पाटोवरून रायबंदरला जाणारा जुना रस्ता म्हणजे लिन्हारेसचा पूल, १६३३-३४ मध्ये बांधलेला, जवळजवळ तीन किलोमीटर लांब. एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला खारफुटी आणि मिठागरांचे पाणी. रस्ता अरुंद आहे आणि बस जोरात येतात, म्हणून साडेसातच्या आत ओलांडा, एकामागे एक चाला, मुलगी पुढे आणि तुम्ही मागे. वाटेत पोदेर भेटेल, पावाची टोपली मागे बांधून भोंगा वाजवत जाणारा. त्याच्याकडून गरम पोई घ्या, पिशवीत राहू द्या, दिवाडीत उपयोगी पडेल.

रायबंदरच्या धक्क्यावरून दोन फेरीबोटी सुटतात, एक चोडणला आणि एक दिवाडीला. फलक बघून चढा. धक्क्याचा उतार ओहोटीला शेवाळाने निसरडा होतो, तिथे सायकलवर बसून उतरू नका, हातात धरा. आधी गाड्या आणि स्कूटर चढू द्या, मग कडेला जाऊन सायकल धरून उभे राहा. स्टँडवर लावून सोडली तर बोट टेकताना आडवी होते.

पलीकडे उतरलात की रस्ता खाजनातून जातो. खाजन म्हणजे नदीच्या खाऱ्या पाण्यापासून बांध घालून राखलेली सखल शेती. बांधात जागोजागी मानस असते, लाकडी झडपांचे दार. भरतीला बाहेरच्या पाण्याच्या दाबाने ते आपोआप मिटते, ओहोटीला आतले पाणी ते उघडून बाहेर जाते. पिढ्यान्‌पिढ्या हे असेच चालत आले आणि त्याच पाण्यावर भात आणि मासळी दोन्ही पिकली. आता बांध फुटले की दुरुस्त करायला हात मिळत नाहीत, शेते पडीक राहून खारफुटी शिरते. मुलीला एक तरी मानस थांबून दाखवा. गाडीतून जाणाऱ्याला ते दिसतही नाही.

मधल्या टेकडीवर पिएदादचे चर्च. थोडा चढ, मग वरून मांडवीचे फाटे आणि पलीकडे जुन्या गोव्याची शिखरे. पाय अजून ताजे असतील तर बेटाच्या दुसऱ्या टोकाची फेरीबोट धरून डिचोली तालुक्यातल्या नार्व्याला जा. कदंब राजांचे दैवत सप्तकोटेश्वर मुळात दिवाडीवर होते. पोर्तुगीजांनी देऊळ पाडल्यावर लिंग नदीपलीकडे नेऊन स्थापले, आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी त्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. देवळात जायला तुम्हीही तीच नदी ओलांडता. शाळेच्या पुस्तकात महाराज वाचलेल्या मुलीला हे इथे उभे राहून सांगाल तर ती विसरणार नाही.

परतताना दिवाडीहून जुन्या गोव्याची फेरीबोट घ्या. धक्क्यापासून वर आलात की व्हाइसरॉयची कमान, आणि पुढे से कॅथेड्रल आणि बाँ जेझू ही चर्चे. पणजी, रायबंदर, दिवाडी, जुने गोवे आणि पुन्हा पणजी असा फेरा साधारण २०-२५ किलोमीटरचा होतो, नार्वे धरले तर थोडा जास्त. जुन्या गोव्याहून येताना बगल रस्त्याने मुळीच जाऊ नका, रायबंदरच्या आतल्या रस्त्यानेच या. ऊन फार झाले तर धक्क्याजवळ भाजीपाव, लिंबूसोडा आणि तासभर सावली.

पणजीजवळच्या मांडवीवरच्या अटल सेतूवर दुचाकींना बंदी आहे आणि बाकीच्या पुलांवरची वाहतूक लहान मुलीच्या सायकलीसाठी नाही. बेतीकडे जायचे असेल तर पणजीच्या धक्क्यावरून फेरी आहे, तिथून नदीकाठाने रेईश मागूशचा किल्ला जवळ पडतो, शेवटी एक चढ. वेळ उरलाच तर हे पहिल्या दिवशी दुपारनंतर करा, पण अंधारापूर्वी परता. संध्याकाळी कॅसिनोंकडे जाणाऱ्या गाड्यांनी बांदोडकर रस्ता तुंबतो.

शेवटचे काम आजच करा: मुलीची उंची मोजून ठेवा. लहान मापाची सायकल सगळ्यांकडे नसते आणि मोठ्यांची सायकल सीट खाली करून तिला दिली तर ब्रेक तिच्या बोटांना पुरत नाहीत. मुक्कामाच्या ठिकाणी फोन करून ते माप सांगा आणि तशी सायकल राखून ठेवायला लावा. मिळत नाही म्हणाले तर दुसरी जागा बघा, डिसेंबरला अजून वेळ आहे.