दहावीतूनच शाळा सोडायची म्हणते...

प्रश्न : माझी भाची कॅलिफोर्नियात सॅन होजेला दहावीत आहे, नुकती सोळा वर्षांची झाली. तिला एक परीक्षा देऊन आत्ताच हायस्कूल सोडायचंय आणि तिथल्या कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांचं सरकारी कॉलेज) जायचंय. 'नाहीच जमलं तर पुण्याला आजीकडे राहून डिग्री करीन,' म्हणते. आई घाबरली आहे, नात अर्धशिक्षित राहील म्हणून. बहिणीला काय सांगू? - एक मावशी, कोथरूड

उत्तर : मावशी, आईंची भीती आधी घालवा. ही पळवाट नाही, तिथल्या कायद्यातली वाट आहे. सोळा पूर्ण झालेल्या किंवा दहावीचं वर्ष संपवलेल्या मुलांना ही परीक्षा देता येते. विषय दोनच, इंग्रजी आणि गणित. २०२३पर्यंत तिचं नाव वेगळं होतं, आता तिला 'कॅलिफोर्निया प्रोफिशियन्सी प्रोग्रॅम' म्हणतात. पास झाल्यावर मिळणारं प्रमाणपत्र त्या राज्यात कायद्यानं हायस्कूल डिप्लोमाच्या बरोबरीचं असतं. मात्र नुसतं पास होऊन शाळा सुटत नाही. अठराच्या आतल्या मुलांना पालकांची संमती लागते. म्हणजे तुमच्या बहिणीचा शब्द अजून शिल्लक आहे.

पण हायस्कूलचे सगळे विषय पुरे केले, असं ते प्रमाणपत्र म्हणत नाही. कम्युनिटी कॉलेजला तेवढं चालतं. थेट युनिव्हर्सिटीत जायचं तर तिथले ठरावीक विषय झालेले लागतात, ते वेगळे.

पुण्याचा बेत मात्र मला कच्चा वाटतो. आपल्याकडे १७ नंबरचा फॉर्म आहे. तो भरून शाळेत न जाता बोर्डाची परीक्षा देता येते, पण बारावीला बाहेरून बसायचं तर दहावीनंतर दोन वर्षं जावी लागतात. आपण वर्गातून सुटका देतो, वर्षांतून नाही. डिग्रीच्या प्रवेशाला बारावी आणि तिचे विषय बघतात. तेव्हा तिथल्या परीक्षेचा फॉर्म भरण्याआधी, ते प्रमाणपत्र बारावीच्या जागी चालेल का, असं इथल्या एक-दोन कॉलेजांच्या पात्रता विभागाला मेल करून विचारा आणि उत्तर लेखीच मागा. फोनवरच्या 'होऊन जाईल'वर मुलीची दोन वर्षं लावू नका.

मी एकतीस वर्षं नारायण पेठेत गणित शिकवलं. माझा एक विद्यार्थी नववीनंतर शाळा सोडून क्रिकेटला गेला. दहावी त्यानं १७ नंबरनं दिली, मार्कही चांगले पडले. पुढे भेटला तेव्हा म्हणाला, 'बाई, अभ्यास जमला. पण सकाळी मैदान, संध्याकाळी मैदान. मधली दुपार घरी एकट्यानं डबा खायचो, ती जात नव्हती.' त्याच्या आईला मी तेव्हा फक्त मार्कांचंच विचारलं होतं, हे मला अजून टोचतं.

म्हणून भाचीला शाळा का सोडतेस, एवढंच विचारू नका. शाळेत कुणी त्रास देतंय का, हे बहिणीनं शांतपणे काढून घ्यावं. तसं असेल तर आधी त्याचा बंदोबस्त करायचा, परीक्षा नंतर. तसं नसेल आणि कॉलेजातले कोणते विषय घ्यायचे, हे ती आपणहून सांगू शकली, तर तिला जाऊ द्या. मग दुपारचं विचारा : तिथली मुलं तिच्याहून मोठी असतील, डबा कोणाबरोबर खाणार? ती काय म्हणाली ते मला नक्की कळवा.