कामगारांनी मन लावून काम करावं यासाठी बुद्धांच्या शिकवणुकीतलं काय उपयोगी पडेल? ध्यानाचं सत्र ठेवू का?

नका ठेवू.

कुपवाड एमआयडीसीतल्या एका मशीनशॉपमध्ये मी अकरा वर्षं सुपरवायझर होतो. ओव्हरटाइमचे पैसे दोन महिने थकलेले, आणि मॅनेजरसाहेबांनी शनिवारी शिफ्ट सुटल्यावर कॅन्टीनमध्ये तासभर ध्यान ठेवलं. पुण्याहून माणूस आणला. तो म्हणतोय श्वासाकडं लक्ष द्या, आणि लोकांचं लक्ष मिरजेच्या बसकडं. मी घरचा बौद्ध, म्हणून शेवटी मला म्हणाले, "बुद्धांचं दोन शब्द सांगा की."

मी सिगालोवाद सुत्त सांगितलं, म्हणजे सिगालला केलेला बुद्धांचा उपदेश. राजगृहाजवळ सिगाल नावाचा तरुण ओलेत्यानं सहा दिशांना नमस्कार करत असतो. बुद्ध त्याला सांगतात, दिशा म्हणजे माणसं. पूर्व म्हणजे आईवडील, आणि खालची दिशा म्हणजे नोकर-कामगार. मालकानं तिची सेवा पाच प्रकारे करायची: ताकद बघून काम द्यायचं, जेवण आणि वेतन द्यायचं, आजारपणात बघायचं, काही खास गोडधोड आलं तर त्यांनाही द्यायचं, वेळेला सुट्टी द्यायची. 'वेतन' म्हणताना माझा आवाज जरा चढला असेल. मागून कुणीतरी शिट्टी मारली.

सोमवारी हजेरीच्या पंचिंग मशीनजवळच्या बोर्डावर छापील कागद! त्याच सुत्तातली कामगारांची पाच कर्तव्यं: मालकाआधी उठावं, त्याच्यानंतर झोपावं, दिलेलंच घ्यावं, काम नीट करावं, मालकाबद्दल चांगलं बोलावं. खाली 'भगवान बुद्ध'. मालकाची पाच गायब. ती मी मार्करनं शेजारी लिहिली. दुपारी मेमो आला, 'सूचनाफलक विद्रूप करणे'. अजून जपून ठेवलाय.

बुद्धांनी सोण भिक्खूला दिलेला वीणेचा दाखला तुम्हाला माहीत असेलच, तार फार ताणली तरी बिघडते, सैल सोडली तरी बिघडते. ते साधनेबद्दल होतं, पण लेथवर मी ते बघितलंय. तासाचं टार्गेट वाढवलं आणि रिजेक्शन, म्हणजे बाद माल, वाढलं. ते टार्गेट वाढवणारा मीच होतो, हेही सांगून टाकतो.

आता हे सुत्त आहे दास आणि घरगड्यांच्या काळातलं, आजचे कामगार कायदे त्यातून काढू नका. कामगारांची पाच कर्तव्यंही मला मान्य आहेत, आमच्याकडं रात्रपाळीला पुठ्ठे अंथरून झोपणारे होतेच की. पण सुत्तात मालकाची पाच आधी येतात. ती पाळली, की मग कामगार आपली पाच पाळतात, असा तो क्रम आहे. साहेबांना हे तोंडावर सांगायचं होतं, पण सुचलं घरी जाताना सांगलीवाडीच्या पुलावर.

तुमच्याकडं पगार किती तारखेला होतो, आणि आजारपणाची रजा पगारी आहे का? ते लिहा, मग पुढचं बोलू.