चप्पल कुठं सुटली?

निपाणीहून एका वाचकाचं पत्र आलंय. वय ४९, दहा वर्षांची शुगर. वर्षभर संबंध जमत नाहीत. मित्राच्या सांगण्यावरून मेडिकलमधून निळी गोळी आणली, दोनदा लागू पडली, नंतर नाही. ‘डबल घेऊ का? बायकोसमोर मान वर होत नाही,’ असं विचारतात. मधेच एक ओळ आहे: ‘सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर माझी एक चप्पल वाटेतच सुटली, मला पत्ताच नाही. ही मागून हातात घेऊन आली. पोरं लई हसली.’

भाऊ, पोरं हसली, मला नाही हसू आलं. पायातली चप्पल जाते आणि पायाला कळत नाही, म्हणजे तळव्यांच्या नसा बधिर झाल्यात. वर्षानुवर्षं वाढलेली शुगर आधी लांबच्या नसांना धरते, पायाच्या बोटांपासून. तीच शुगर तुमची तक्रार आहे तिथल्या नसा आणि बारीक रक्तवाहिन्याही खराब करते. दुखणी दोन नाहीत, एकच आहे.

निळी गोळी आपण होऊन काही घडवत नाही. मन चाळवलं की नसांवाटे निरोप जातो, रक्तवाहिन्या सैल होतात, रक्त भरतं. त्या निरोपाचा असर गोळी टिकवते, एवढंच. निरोपच अर्धा पोचला तर? लाइट नसताना मोटरीचं बटण दोनदा दाबलं म्हणून पाणी येतं होय?

डबल अजिबात नाही. डॉक्टरांनी बघेपर्यंत एकसुद्धा नाही. छातीसाठी जिभेखाली ठेवायची गोळी चालू असेल तर या दोन्हींनी बीपी धाडकन उतरतं, जीव जाऊ शकतो. मित्राने हे सांगितलं नसेल. (मटणाच्या जेवणावर ती उशिरा लागू पडते, हेही नसेल सांगितलं.)

या सोमवारी शुगरच्या डॉक्टरांकडे जा. पायमोजे काढा, तळवे दाखवा आणि खालची तक्रार त्याच दमात सांगा, दाराशी येऊन ‘अजून एक होतं’ म्हणत नव्हे. गेल्या तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी दाखवणारी रक्ताची तपासणी, एचबीएवनसी, करा. तपासणीआधी दोन दिवस भात सोडून ती फसत नाही. ईसीजीही काढायला सांगा, कारण हृदयाच्या रक्तवाहिन्या तुंबायला लागल्याची पहिली खूण कधीकधी ही खालची तक्रारच असते. गेलेली संवेदना सगळी परत येईल असं मी म्हणणार नाही. पण शुगर ताब्यात आली की पुढची पडझड मंदावते, डॉक्टरांनी ठरवलेल्या डोसात गोळीही बरी चालू शकते. नाहीच चालली तर याच तक्रारीसाठी इंजेक्शन आहे, पंप आहे.

वहिनींना सोबत न्या. मान वर होत नाही म्हणता, पण वर्षभर त्या त्याच घरात आहेत ना? आणि चप्पल त्यांनाच दिसली.

घरातसुद्धा आता अनवाणी फिरायचं नाही. रात्री झोपताना तळवे बघायचे, भेग, फोड, काही रुतलंय का. स्वतःला वाकून दिसत नसतील तर पाय त्यांच्या मांडीवर ठेवा आणि म्हणा, बघ जरा.