सुलभा देशपांडे: बेणारेबाईंचे ते दहा सेकंद

प्रश्न असा आहे: "सुलभा देशपांडे रंगभूमीवर एवढ्या मोठ्या अभिनेत्री होत्या, मग सिनेमात त्यांच्या वाट्याला आई, सासू, शेजारीण अशाच भूमिका का आल्या? त्यांची कारकीर्द वाया गेली असं म्हणायचं का?"

"वाया गेली" हे वाचलं आणि राहवलं नाही. मी बरीच वर्षं हौशी रंगभूमीवर काम करते, आणि सुलभाताईंनी अजरामर केलेली बेणारेबाई एका स्पर्धेसाठी मीही केली आहे. त्या चार महिन्यांच्या तालमींनी मला जे शिकवलं त्यावरूनच हे उत्तर देतेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. विजय तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' हे नाटक 'रंगायन' या नाट्यसंस्थेने 1967 मध्ये रंगमंचावर आणलं. दिग्दर्शक अरविंद देशपांडे, म्हणजे सुलभाताईंचे पती. एक हौशी नाटकमंडळी प्रयोगासाठी गावात येते आणि रिकामा वेळ घालवायला खोटा खटला खेळायला बसते. आरोपी कोण, तर लीला बेणारे, त्यांच्यातलीच एक अविवाहित शिक्षिका. आरोप भ्रूणहत्येचा. साक्षीदार मंडळीतलेच, त्यांत काशीकरबाईही. खेळ म्हणून सुरू झालेलं प्रकरण बघता बघता तिच्या खऱ्या आयुष्यावर उतरतं. सुलभाताई तेव्हा तिशीच्या होत्या आणि स्वतः दादरच्या छबिलदास शाळेत शिकवत होत्या. शाळेतल्या बाईंचं चालणं, बोलणं, मुलांवरचा तो जीव त्यांना कुठून उसना आणावा लागला नसणार.

बेणारे म्हटलं की सगळ्यांना आठवतं ते शेवटचं मोठं स्वगत. मलाही तेच आठवत होतं. तालमी सुरू व्हायच्या आधीच मी ते घडाघडा पाठ करून गेले होते. आमच्या दिग्दर्शकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "ते आता विसरून जा. काशीकरबाई तुझ्याबद्दल वाट्टेल ते बोलतात तेव्हा तुझा हात कुठे असतो, ते आधी दाखव."

मला दाखवता येईना. उलट्या ठेवलेल्या दोन खुर्च्यांचा पिंजरा केला होता आणि मी त्यात उभी होते. एकेक साक्षीदार येत होता, बोलून जात होता आणि मी आपली माझ्या पाळीची वाट बघत होते. दुसरा बोलत असताना मी काहीच करत नव्हते हे तेव्हा लक्षात आलं. तीन आठवडे आम्ही स्वगताला हातच लावला नाही. फक्त ऐकायची तालीम. कोणत्या शब्दाला तिचा श्वास अडकतो, कोणत्या वाक्याला ती अजून हसून वेळ मारून नेऊ शकते, आणि नेमकं कुठून पुढे हसणं जमत नाही. नाटकाच्या सुरुवातीला दाराच्या कडीत बेणारेचं बोट चेमटतं. पुढे ती बाहेर पडू बघते तर दार उघडत नाही. तेंडुलकरांनी सगळं आधीच पेरून ठेवलंय. पण ते उगवायचं तर मधला सगळा वेळ नटीला न बोलता धरून ठेवावा लागतो.

आता त्या स्वगताची जागा बघा. न्यायाधीश आरोपीला बोलायला दहा सेकंद देतात. सगळे जागच्या जागी थिजतात, बेणारे बोलते, आयुष्याबद्दल, शरीराबद्दल, प्रेमाबद्दल, फसवणुकीबद्दल. ते संपतं तेव्हा कोर्टाच्या लेखी आरोपी काहीच बोललेली नसते. दहा सेकंद गप्प उभी होती, एवढंच. प्रेक्षकाने ऐकलं ते सगळं तिच्या आत चाललेलं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे सापडतं. गप्प उभ्या असलेल्या बाईच्या आत केवढं काय चाललेलं असतं, हे सुलभाताईंनी रंगमंचावर करून दाखवलं होतं. चरित्र अभिनेत्रीला पडद्यावर मिळतात ते असे दहा-दहा सेकंदच. लेखकाने तिला चार वाक्यं दिलेली असतात, तीही बहुतेक "जेवून घे" छापाची. बाकीचा सगळा काळ ती दुसऱ्याचं ऐकत असते.

श्याम बेनेगल यांचा 'भूमिका' (1977) बघा. हंसा वाडकर यांच्या आत्मकथनावर आधारलेला. स्मिता पाटील नायिका उषा, आणि सुलभाताई तिची आई शांता. सुलभाताईंचा जन्म 1937 चा, स्मिताचा 1955 चा. म्हणजे चाळिशीत त्या नायिकेच्या आई झाल्या. ही आई सोपी नाही. गाणाऱ्या बायकांच्या परंपरेतून बाहेर पडून लग्नाच्या, प्रतिष्ठेच्या संसारात येऊ पाहिलेली बाई. नवरा दारुडा, घरात चणचण, आणि त्या घराला आधार देणारा केशव, म्हणजे अमोल पालेकर. मुलीने केशवशी लग्न करायला तिचा विरोध आहे. का? मुलीच्या काळजीने? जातीसाठी? की तिचं स्वतःचं केशवमध्ये काही गुंतलंय? सिनेमा हे सरळ सांगत नाही, आणि सुलभाताईही चेहऱ्यावर पाटी लावत नाहीत. रागावते तेव्हा ती आई आहे असं वाटतं, आणि क्षणभर नजर वळते तेव्हा वाटतं, नाही, हिला काही वेगळंच लागलंय. मी तो सिनेमा तीनदा पाहिला. पहिल्या वेळी सगळं लक्ष स्मिताकडे होतं, साहजिकच. तिसऱ्या वेळी मी फक्त आईकडे बघत बसले आणि मला आणखी एक सिनेमा दिसला.

'बाजार' (1982) मधली हज्जनबी त्याच्या अगदी उलट टोकाची. हैदराबादेतल्या गरीब मुलींची लग्नं पैसेवाल्यांशी जुळवून देणारी बाई. 'अल्बर्ट पिंटो को गुस्सा क्यों आता है' या सिनेमात गिरणी कामगाराच्या घरातली ख्रिस्ती आई. 'चौकट राजा' (1991) तर मराठी घराघरांत पाहिलेला आहेच. दिलीप प्रभावळकरांच्या नंदूची आई, वाढत्या वयाच्या पण लहानच राहिलेल्या मुलाला सांभाळणारी. या चौघींना "आई-सासू-शेजारीण" या एका गाठोड्यात बांधलं की आपल्या डोळ्यांदेखत चार वेगवेगळ्या बायका नाहीशा होतात. सुलभाताईंची यातली एकही बाई दुसरीसारखी उठत-बसत नाही.

पण प्रश्नातली खंत खोटी आहे असं मी म्हणणार नाही. 'शांतता'वर सत्यदेव दुबे यांनी 1971 मध्ये सिनेमा केला, त्यातही बेणारे सुलभाताईच. अमरीश पुरी आणि अमोल पालेकर यांच्या पडद्यावरच्या अगदी सुरुवातीच्या कामांपैकी एक हाच सिनेमा. पुढे त्या दोघांना सिनेमाने काय काय दिलं आणि ज्या बाईने तो सिनेमा खांद्यावर पेलला तिला काय दिलं, हे शेजारी ठेवून पाहिलं की पोटात तुटतं. तिशी ओलांडलेल्या बाईला मध्यभागी ठेवून गोष्ट लिहायची सवयच आपल्या सिनेमाला नव्हती. हे नुकसान सिनेमाचं झालं आणि आपलं, प्रेक्षकांचं झालं. त्यांची कारकीर्द मात्र सिनेमावर अवलंबून नव्हती.

कारण त्या काळात सुलभाताई कुठे होत्या ते बघा. 1971 मध्ये अरविंद देशपांडे, अरुण काकडे आणि सोबत्यांबरोबर त्यांनी 'आविष्कार' ही नाट्यसंस्था उभी केली. 1974 पासून छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रायोगिक नाटकं होऊ लागली आणि त्या सगळ्याचं नावच 'छबिलदास चळवळ' पडलं. मोठ्या नाट्यगृहाचं भाडं न परवडणाऱ्या, तिकीटबारीचा विचार न करता काही वेगळं करून बघणाऱ्या मंडळींना तिथे जागा मिळाली. अंतर इतकं कमी की पहिल्या रांगेतल्या माणसाला नटाचा घाम दिसावा. तिथे खोटं करून चालत नाही. कॅमेऱ्यासमोर कमीत कमी कसं करायचं, हे अशा जागेत आपोआप अंगात मुरतं असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि मुलं. 'आविष्कार'ची बालविभागाची शाखा 'चंद्रशाला' हे सुलभाताईंचं स्वतःचं काम. 'दुर्गा झाली गौरी' हे नृत्यनाट्य ज्यांनी लहानपणी पाहिलं किंवा केलं त्यांना विचारा, आजही त्यांचे डोळे चमकतात. रंगमंचावर मुलांची ही गर्दी, आणि प्रत्येक मुलाला आपण महत्त्वाचे आहोत असं वाटलं पाहिजे हा आग्रह. तेंडुलकरांच्या 'राजाराणीला घाम हवा' या बालनाट्यावरचा हिंदी चित्रपटही त्यांनीच दिग्दर्शित केला. बालनाट्य म्हणजे मोठ्यांच्या नाटकातून उरलेला वेळ, अशी आपल्याकडे समजूत आहे. एका अव्वल अभिनेत्रीने ऐन उमेदीची वर्षं तिथे दिली, याचं मोल कुठल्याही नायिकेच्या भूमिकेपेक्षा मला जास्त वाटतं. 1987 च्या सुरुवातीला अरविंद देशपांडे गेले. त्याच वर्षीचा संगीत नाटक अकादमी पुरस्कार सुलभाताईंच्या नावावर आहे. त्यानंतरही त्या थांबल्या नाहीत.

4 जून 2016 ला त्या गेल्या, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी. त्याच्या चार वर्षं आधी 'इंग्लिश विंग्लिश' आला होता. श्रीदेवीच्या शशीची सासू. आजच्या पिढीने त्यांना पाहिलं ते बहुधा तिथेच. नवरा आणि मुलगी शशीच्या इंग्रजीवर हसतात त्या घरातली ही म्हातारी. भूमिका केवढी, तर घरात असणं एवढीच. पण तिच्यामुळे ते घर शशीला अगदीच परकं वाटत नाही.

बघायचं असेल तर आधी दुबेंचा 'शांतता' मिळवा, स्वगतापर्यंत थांबू नका, आधीच्या साक्षींच्या वेळी बेणारेकडे बघा. मग 'भूमिका' लावा आणि उषा बोलत असताना मागे उभ्या असलेल्या आईवरून नजर हलवू नका. आमच्या स्पर्धेच्या आदल्या रात्री मी नेमकं हेच केलं होतं. दुसऱ्या दिवशी प्रयोगात काशीकरबाई माझ्याबद्दल बोलत होत्या आणि मला कळलं, माझा हात खुर्चीची पाठ घट्ट धरून बसलाय. तो मी तिथे ठेवला नव्हता.