वाचकांचे प्रश्न : दोन रात्रींचा मुक्काम नेमका कुठे करावा?

प्रश्न : पुढच्या महिन्यात शनिवार-रविवार साधून आम्ही चौघे जण एका मोठ्या शहरात जाणार आहोत. आम्ही दोघे, दहा वर्षांची मुलगी आणि सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई. शुक्रवारी रात्री नऊच्या सुमारास पोहोचू आणि रविवारी संध्याकाळी सहाच्या गाडीने निघू. स्वतःचे वाहन नसेल, मेट्रो आणि बसवरच भिस्त आहे. शनिवारी रात्री एक कार्यक्रम असून तो अकराला संपेल. शहराच्या मध्यभागातली भाडी आवाक्याबाहेर आहेत. मेट्रोच्या अगदी टोकाच्या स्थानकाजवळ निम्म्या भाड्यात खोली मिळते आहे. तिसरी एक जागा त्याच मार्गावर मध्यभागापासून चार स्थानके अलीकडे आहे आणि तिचे भाडे या दोहोंच्या मधले आहे. जाहिरातीत ‘स्थानकापासून दहा मिनिटे’ असे लिहिले आहे. कोणती निवडावी?

उत्तर : आपण भाड्यांची तुलना केली आहे, आता तिच्या शेजारी वेळेचा हिशेब मांडून पाहा. शुक्रवारी रात्री नऊ ते रविवारी संध्याकाळी सहा म्हणजे पंचेचाळीस तास होतात. त्यातले दोन रात्रींच्या झोपेचे सोळा तास वजा केले, तर एकोणतीस उरतात, आणि आंघोळ, आवराआवर, खाणेपिणे यांत त्यातलेही बरेच जातात. टोकाच्या जागेपासून शहरात पोहोचायला दारापासून दारापर्यंत पन्नास मिनिटे लागतात असे धरू. सत्तरीच्या बाईंना दुपारी तासभर आडवे व्हायला हवे असेल, तर शनिवारी चार फेऱ्या होतील, म्हणजे तीन तास वीस मिनिटे प्रवासात जातील. तेच अंतर वीस मिनिटांचे असले, तर ऐंशी मिनिटांत भागते. प्रत्यक्षात पन्नास मिनिटांच्या अंतरावरून दुपारी कोणी परत येत नाही. सासूबाई दिवसभर कुठल्या तरी बाकावर बसून राहतात आणि रात्रीच्या कार्यक्रमापर्यंत पार थकून जातात. शिवाय चार माणसांच्या चार फेऱ्या म्हणजे एका दिवसाची सोळा तिकिटे. ती रक्कम भाड्यात मिळवल्यावर निम्मे भाडे निम्मे राहत नाही. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, असा हा प्रकार आहे.

दिवसभराचे पास घेऊन हा खर्च कमी करता येतो, मात्र पास कोणत्या हद्दीपर्यंत चालतो ते आधी पाहावे. अनेक शहरांत भाड्याचे विभाग पाडलेले असतात. बर्लिनमध्ये ए, बी आणि सी असे तीन विभाग आहेत आणि तिथला विमानतळ सी विभागात आहे. त्यामुळे केवळ ए-बी विभागांचा पास घेणाऱ्याला तिथे जाण्यासाठी जादा तिकीट काढावे लागते. टोकाची स्थानके बहुधा अशाच बाहेरच्या विभागात पडतात.

आता ‘दहा मिनिटां’विषयी. जपानमध्ये घरांच्या जाहिरातींसाठी ऐंशी मीटरला एक मिनिट असा ठरलेला नियम आहे, तरीही त्यात सिग्नलला थांबण्याचा वेळ किंवा चढण मोजलेली नसते. जिथे असा नियमच नाही, तिथे जाहिरात लिहिणाऱ्याचे पाय किती भरभर चालतात यावर सारे अवलंबून. मी स्वतः एकदा नकाशावर ‘स्थानकापासून चारशे मीटर’ पाहून खोली घेतली होती. अंतर खरे होते, पण ते सरळ रेषेतले होते. खोली रुळांच्या पलीकडे आणि स्थानकाचे एकमेव दार अलीकडे. पादचारी पूल गाठून पलीकडे उतरेपर्यंत सव्वा किलोमीटर चालणे झाले, तेही बॅगेचे एक चाक निखळलेले असताना. खिडकीतून फलाट मात्र स्पष्ट दिसत होता! तेव्हापासून मी नकाशावर चालण्याचा मार्ग स्थानकाच्या नेमक्या दारापासून आखून पाहतो आणि रस्त्याची छायाचित्रे उपलब्ध असतील, तर तीही चाळतो. पदपथ आहे का, दिवे आहेत का, मोठा रस्ता ओलांडावा लागतो का, हे त्यांत दिसते. आपल्या बाबतीत आणखी एक गोष्ट तपासावी लागेल : स्थानकावर लिफ्ट आहे का आणि ती कोणत्या दाराशी आहे. सरकता जिना अनेकदा फक्त वर जाणारा असतो, आणि दुखऱ्या गुडघ्यांना उतरणेच अधिक जड जाते.

शनिवारच्या रात्रीचा प्रश्न मात्र सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि माझ्या मते निवड त्यावरच करावी. न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे चोवीस तास चालते. लंडनमध्ये 2016 पासून शुक्रवारी आणि शनिवारी काही मार्गांवर रात्रभर गाड्या असतात. उलट टोकियोसारख्या अवाढव्य शहरात मध्यरात्रीच्या सुमारास गाड्या बंद होऊ लागतात आणि पहाटेपर्यंत सुरू होत नाहीत. म्हणून ‘मोठे शहर आहे, काहीतरी मिळेलच’ या भरवशावर राहू नये. वेळापत्रकही सोमवार-शुक्रवारचे पाहून चालत नाही, शनिवार-रविवारचे वेगळे काढून पाहावे. सुटीच्या दिवशी दोन गाड्यांमधले अंतर वाढलेले असते आणि रुळांच्या दुरुस्तीची कामेही याच दिवसांवर टाकलेली असतात. अकराला कार्यक्रम संपल्यावर गर्दीतून बाहेर पडून फलाटावर पोहोचायला अर्धा तास लागेल असे धरा. त्यानंतर किमान दोन गाड्या शिल्लक असायला हव्यात, कारण एकच गाडी उरली असेल आणि ती चुकली, तर टोकाच्या स्थानकापर्यंतचे टॅक्सीचे भाडे दोन रात्रींची बचत एका फेरीत गिळून टाकील. काही मार्गांवर रात्रीच्या गाड्या शेवटच्या स्थानकापर्यंत न जाता मध्येच संपतात, तेही वेळापत्रकात बारकाईने पाहावे.

मध्यभाग पूर्णपणे बाद करण्यापूर्वी एक चौकशी जरूर करावी. ज्या भागात कचेऱ्याच कचेऱ्या आहेत, तिथली हॉटेले कामासाठी येणाऱ्यांवर चालतात. शुक्रवारी हे उतारू निघून गेले की पुष्कळदा तिथले दर उतरतात आणि मेट्रो तर दाराशीच असते. संध्याकाळी तो भाग सुनसान होतो, ही त्याची उणी बाजू. त्या तारखांना एखादा मोठा सामना किंवा प्रदर्शन असेल, तर हे गणित उलटते. वसतिगृहांचा विचार करत असाल, तर तिथे दर खोलीचा नसून बहुधा खाटेचा असतो. चार खाटांची बेरीज कौटुंबिक खोलीपेक्षा जास्त होऊ शकते. तसेच काही शहरे मुक्कामावर वेगळा कर घेतात. ॲमस्टरडॅममध्ये 2024 पासून तो भाड्याच्या साडेबारा टक्के आहे. म्हणून तुलना करताना आरक्षणाच्या शेवटच्या पानावरचा आकडा धरावा.

रविवारचे सामान ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. खोली सकाळी अकराच्या आसपास सोडावी लागेल आणि गाडी सहाची. मधले सात तास बॅगा कुठे ठेवणार? मुक्कामाच्या जागी ठेवू देत असतील, तरी त्या आणायला परत जावे लागते. टोकाच्या जागेच्या बाबतीत ही पन्नास मिनिटांची आणखी एक फेरी, आणि मग सामानासह उलटा प्रवास. सुटण्याच्या स्थानकावर सामानघर असेल, तर सकाळीच तिथे बॅगा ठेवून मोकळे व्हावे.

हे सारे पाहता चार स्थानके अलीकडची जागा आपल्याला सोयीची ठरेल, मात्र आरक्षणापूर्वी तिथे फोन करून तीन गोष्टी विचाराव्यात : शुक्रवारी रात्री दहा वाजता किल्ली द्यायला कोणी असेल का, खोली कितव्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट चालू आहे का, आणि रविवारी सामान ठेवू देतील का. मजल्याचे उत्तर ‘तिसरा, पण जिना सोपा आहे’ असे आले, तर कचेऱ्यांच्या भागातल्या हॉटेलांचे त्या दोन रात्रींचे दर काढून पाहावेत.