जास्तीचा पेपर मागणारी मुलगी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. शिकवणी सुरू केली त्याच वर्षी तुला वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेची तयारी करणारी अशी विद्यार्थिनी मिळाली, की पन्नास प्रश्न दिले तर सत्तर सोडवून आणते, मॉकमध्ये, म्हणजे सराव परीक्षेत, ७२० पैकी ६१० पडले तर दोन दिवस धड जेवत नाही, आणि तास संपला की दाराशी थांबून विचारते, "सर, अजून एक पेपर देता का?" तिला शिकवताना आनंद होतो आणि भीतीही वाटते, असं तू लिहितोस. भीती वाटते हे वाचून मला बरं वाटलं. लातुरात असा विद्यार्थी मिळाला की बहुतेक शिक्षकांना नुसता आनंद होतो, आणि गडबड तिथूनच सुरू होते.

कच्च्या मुलाला शिकवताना आपण दर तासाला विचार करतो, याला किती झेपेल, सुरुवात कुठून करू. जिद्दी मुलीपुढे तो विचार बंद पडतो. दिलं की ती करते, म्हणून आपण आणखी देतो. तिच्यामुळे आपली बॅच चांगली दिसते. निकालानंतर चौकातल्या फ्लेक्सवर तिचा फोटो असेल, हेही मनात कुठेतरी असतं. तो फ्लेक्स तू लावू नकोस, आणि लावणार नाहीस हे तिला आत्ताच सांग. इथल्या ट्यूशन एरियात इतकी वर्षं फिजिक्स शिकवताना मी पाहिलंय, की मुलं येता-जाता त्या बोर्डांकडे बघतात आणि त्यावर आपली जागा ठरवून ठेवतात.

अशा मुलांना ढकलायची गरज नसते हे तुला कळलंच आहे. पण "टेन्शन घेऊ नकोस" म्हणूनही काही साधत नाही. टेन्शन कमी करणं हे तिला आणखी एक काम वाटतं, आणि तेही जमलं नाही म्हणून ती स्वतःला दोष देते. तिला गरज आहे ती "आजचं काम इथे संपलं" असं सांगणाऱ्या माणसाची. ते तिला स्वतःला सांगता येत नाही. आई फोनवर "झोप आता" म्हणाली, तर मुलगी मनात म्हणते, हिला काय माहीत सिलॅबस किती राहिलाय. पण तू म्हणालास, "रोटेशनच्या धड्यातले हे बावीस प्रश्न पुरे, तेविसाव्यातून तुला नवीन काही मिळणार नाही," तर ती ऐकेल. तुला विषय येतो, म्हणून तुझ्या 'पुरे'ला वजन आहे. हे वजन वापर. दर तासाला, दर आठवड्याला, मोजून वापर.

तेव्हा जास्तीचा पेपर देऊ नकोस. मात्र नुसतं नाहीही म्हणू नकोस, आधीचा पेपर परत मागव. तिच्या वहीत प्रत्येक चुकलेल्या प्रश्नापुढे 'सिली मिस्टेक' लिहिलेलं सापडेल. हुशार मुलं हे दोन शब्द लिहून मोकळी होतात, आणि रात्री त्याच दोन शब्दांवरून स्वतःला झोडपतात. तिच्याबरोबर बसून त्या चुका वेगळ्या काढ. कुठे सेंटिमीटरचं मीटर केलं नाही, कुठे 'चुकीचे विधान ओळखा' हे वाचलंच नाही, कुठे उत्तर बरोबर काढून ओएमआर उत्तरपत्रिकेवर शेजारचा गोल रंगवला, कुठे संकल्पनाच कच्ची आहे. चारही चुकांवरचा उपाय निराळा, आणि त्यातल्या एकीवरही 'मी मूर्ख आहे' हा उपाय नाही. हे झाल्याशिवाय गुणांची बेरीज करायची नाही, असा नियम ठेव. पहिल्यांदा ती चुळबुळ करेल. करू दे.

आकड्याबद्दल तिच्याशी एकदा सविस्तर बोल. तिने भिंतीवर '६८०+' लिहून ठेवलंय म्हणतोस. तिला २०२४ आणि २०२५ च्या निकालांची गोष्ट सांग. २०२४ च्या पहिल्या निकालात ६७ जणांना ७२० पैकी ७२० होते, सुधारित निकालात ते १७ उरले. २०२५ ला फिजिक्सचा पेपर अवघड निघाला आणि देशात पहिल्या आलेल्या मुलालासुद्धा ७०० गाठता आले नाहीत. एका वर्षीचे ६५० आणि दुसऱ्या वर्षीचे ६५० यांत इतका फरक असेल, तर भिंतीवरच्या आकड्यावर रोज रात्री स्वतःला तोलण्यात अर्थ काय? हा हिशोब मुलांना पटतो, कारण यात सांत्वन नाही, गणित आहे. भिंतीवरचा कागद काढायला सांगू नकोस. पटलं तर ती स्वतःच काढेल.

आता सरावाकडे वळते, कारण तुझं खरं काम तिथेच आहे. नीटच्या सध्याच्या पद्धतीत १८० मिनिटांत १८० प्रश्न असतात, त्यातले ४५ फिजिक्सचे. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं तर एक वजा. म्हणजे एखाद्या प्रश्नावर सहा मिनिटं अडून बसलेली मुलगी इतर पाच-सहा प्रश्नांचा वेळ खाते. अडून बसणं हा या मुलांचा स्वभावच असतो. प्रश्न सोडून पुढे जाणं त्यांना हरल्यासारखं वाटतं. पेपर बिघडतो तो बहुधा इथेच. तिसरा प्रश्न सुटला नाही म्हणून हात थरथरायला लागतात आणि चौथा सोपा प्रश्नही दिसेनासा होतो. 'पॅनिक झाले' म्हणून मुलं सांगतात ना, ते हेच.

यासाठी मी एक सराव घेते. फिजिक्सचे पंधरा प्रश्न द्यायचे, त्यात तीन मुद्दाम लांबलचक घालायचे, आकडेमोड चांगली पानभर होईल असे. सगळे सोडवायला सांगायचं नाही. पंधरा मिनिटांत ते तीन ओळखून सोडून द्यायचे आणि उरलेले बारा शांतपणे करायचे. शाबासकी त्या तीन सोडलेल्या प्रश्नांना द्यायची, आणि तोंडाने द्यायची: "हा तू वीस सेकंदांत सोडलास, उत्तम." अशा मुलीला आजवर कुणी काही सोडून दिल्याबद्दल चांगलं म्हटलेलं नसतं. पहिल्या वेळी ती तिन्ही प्रश्न सोडवून आणेल आणि अभिमानाने दाखवेल. तेव्हा कौतुक करू नकोस. घड्याळ दाखव आणि उरलेल्या बारांपैकी किती राहिले ते दाखव. तीन-चार आठवड्यांत तिचा हात बदललेला दिसेल.

दुसरी गोष्ट, तिच्यासमोर अड. खरोखर अड. आधी न पाहिलेला प्रश्न तिलाच निवडू दे आणि तू मोठ्याने बोलत सोडव. चकती उतारावरून न घसरता खाली येताना घर्षण उताराच्या वरच्या दिशेने असतं, हे तिला पाठ असेल. तीच चकती घरंगळत वर चढत असताना घर्षण कुठल्या दिशेने? बहुतेक मुलं झटकन 'खाली' म्हणतात. घर्षण तेव्हाही वरच्याच दिशेने असतं, कारण वर जाताना चकतीचं फिरणं मंदावायचं असेल तर त्याला उलटा पीळ देणारं बल तेच आहे. असा प्रश्न घेऊन तू आधी अंदाज बांध, मग बलांची आकृती काढ, चिन्ह तपास, आणि अंदाज चुकला तर "हं, चुकलं, परत बघू" एवढंच म्हणून पुढे जा. शिक्षकाला सगळं पटापट येतं असं या मुलांना वाटत असतं, म्हणून स्वतःला वेळ लागला की त्यांना ती आपल्यातली खोट वाटते. चूक झाल्यावर चेहरा न उतरवता पुढचं पाऊल कसं टाकायचं, हे व्याख्यानातून कळत नाही, शेजारी बसून बघावं लागतं. एकास एक शिकवणीचा हा मोठा फायदा आहे. शंभर मुलांच्या बॅचमध्ये हे करता येत नाही.

अशी मुलं शंकाही लपवतात. "समजलं" फार लवकर म्हणतात. तिला "समजलं का?" विचारूच नकोस. चार पर्यायांतला चुकीचा पर्याय कुणाला का बरोबर वाटेल, ते तिला समजावून सांगायला लाव. तिथे तिची स्वतःची शंका आपोआप बाहेर येते, आणि विचारण्याचा कमीपणाही वाटत नाही.

तिचं एनसीईआरटीचं पाठ्यपुस्तक हायलाइटरने पिवळंधमक झालंय आणि तरीही ती तेच पुन्हा वाचत बसते, असं तू लिहिलंस. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली हेच तपासलं होतं. उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुढे होते. आठवड्याने घेतलेल्या चाचणीत मात्र पुस्तक मिटून आठवून लिहिणारे पुढे गेले. ही मुलं पुस्तक मिटायला घाबरतात, कारण आठवलं नाही तर तो त्यांना निकाल वाटतो. म्हणून बिनगुणांच्या चाचण्या घे. कोरा कागद, एक धडा, दहा मिनिटं, जे आठवेल ते लिहायचं. ना टिकमार्क, ना बेरीज. नंतर राहिलेलं दुसऱ्या रंगाच्या पेनाने भरायचं आणि कागद तिच्याकडेच ठेवायचा.

आणखी एक, परीक्षेच्या आधीसाठी. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांचा एक प्रयोग २०११ साली 'सायन्स'मध्ये आला होता. परीक्षेची फार धास्ती असलेल्या मुलांनी पेपरच्या आधी दहा मिनिटं मनातली काळजी कागदावर लिहून काढली, तर त्यांचे गुण सुधारले. आकडेमोड करताना डोक्यात जी जागा लागते, तीच काळजी अडवून बसते. नीटच्या केंद्रावर हे करता येणार नाही, पण मॉकच्या दिवशी करून घे. मॉक दुपारी दोन ते पाचच घे, खऱ्या पेपरची वेळ तीच आहे. रात्री एकपर्यंत जागून सकाळी सहाला अभ्यासिका गाठणाऱ्या मुलीचा मेंदू दुपारी तीनला काय करतो, हे तिला स्वतःला दिसू दे. झोपेवर याहून वेगळं भाषण नको.

"तुला काय, तुझं तर होणारच" हे वाक्य तू बोलू नकोस, आणि मेसवाल्या काकूंपासून तिच्या मामापर्यंत सगळे बोलत असतील तर तिच्या वडिलांना सांगून थांबव. कौतुकाने म्हटलेलं असतं, पण तिला त्यात ऐकू येतं, की नाही झालं तर तोंड दाखवायला जागा नाही. वडिलांशी तू स्वतः बोल. सोयाबीन विकून फीचा हप्ता भरणारी माणसं आहेत ती, त्यांचा जीव टांगणीला लागलेला असतो आणि फोनवर दुसरं काय विचारावं ते त्यांना सुचत नाही. त्यांना रागावू नकोस. आठवड्यातला एक फोन असा करा, ज्यात मार्क विचारायचे नाहीत, एवढंच सांग. गाय व्याली का, आजीचं गुडघ्याचं दुखणं कसं आहे, असलं बोला म्हणावं. आणि बी.ए.एम.एस., नर्सिंग, फार्मसी, कृषी, नाहीतर साधं बी.एस्सी. हे रस्ते घरात मोकळेपणाने बोलले गेले पाहिजेत, मे महिना यायच्या आत. ते बोललो तर मुलगी ढिली पडेल असं पालकांना वाटतं. माझ्या पाहण्यात ढिली कुणी पडलेली नाही, बहुतेकींना त्याने श्वास मिळाला.

आता एक भाग जपून वाच. देशात २०२२ या एका वर्षात तेरा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे आहे, आणि त्यात महाराष्ट्राचा आकडा सगळ्यांत मोठा होता. दोन दिवस न जेवणं आठवड्यावर गेलं, झोप उडाली, मैत्रिणींशी बोलणं तुटलं, "माझ्यामुळे घरच्यांचे पैसे वाया गेले" किंवा "मी नसते तर बरं झालं असतं" असं काही ऐकू आलं, तर फिजिक्स बाजूला ठेव. तिला सरळ विचार, "जीव द्यावा असं मनात येतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट कुणीतरी विचारलं म्हणून बोलता येतं. कुणाला सांगणार नाही असं वचन देऊ नकोस. तिला एकटी सोडू नकोस, घरी त्याच दिवशी कळव, आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे नेण्याची व्यवस्था कर. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तो विभाग असतो. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. तो तुझ्या खोलीत लावून ठेव, सगळ्याच मुलांना दिसेल असा, म्हणजे तिच्याकडे कुणी बोट दाखवल्यासारखं होणार नाही. तू शिक्षक आहेस, डॉक्टर नाहीस. तिथे तुझं काम तिला योग्य माणसापर्यंत पोचवायचं आहे.

तुझा शेवटचा प्रश्न, पंधरा दिवस तिच्या सगळ्या परीक्षा बंद कराव्यात का. माझं मत, नको. परीक्षा एकदम काढून घेतल्या तर आपल्यावरचा विश्वास उडाला असं ती समजेल आणि दुसरीकडून टेस्ट सिरीज आणून चोरून सोडवेल. आठवड्याला एकच पूर्ण पेपर ठेव, रविवारी दोनला. सोमवारी फक्त चुकांची विभागणी, नवीन काही नाही. बुधवारी पंधरा प्रश्नांचा सोडून देण्याचा सराव. तासाची वेळ संपली की वही मिट, ती दाराशी थांबली तरी. हे वेळापत्रक तिच्या हातानेच लिहून घे आणि त्याखाली दोघांनी सही करा.

या रविवारच्या पेपरात तीन लांब प्रश्न कुठले घालतोस ते मला शनिवारपर्यंत पाठव. एक तरी विद्युतचुंबकीय प्रवर्तनातला असू दे, त्यात ती फार वेळ घालवते असं तूच लिहिलं आहेस.

तुझी,
मॅडम