आरएसएस फीडमधल्या (वेबसाइटवरच्या नव्या मजकुराची आपोआप ताजी होणारी यादी) बातम्या मिरो या ऑनलाइन व्हाइटबोर्डच्या बोर्डवर आपोआप कशा आणायच्या?

एनएटएन (n8n) या कामं आपोआप करणाऱ्या साधनात मूळ कामाला दोन नोड (कामाचे टप्पे) पुरतात: आरएसएस फीड ट्रिगर आणि एचटीटीपी रिक्वेस्ट. दुसऱ्यातून मिरोच्या स्टिकी नोट एपीआयला (बाहेरच्या प्रोग्रामला चिकट-चिठ्ठी बनवू देणारा दुवा) पोस्ट (POST) प्रकारची विनंती पाठवा. विनंतीसोबत जाणाऱ्या मिरोच्या टोकनला (प्रवेशाची किल्ली) बोर्डवर लिहिण्याची परवानगी हवीच.

खरी अडचण जागेची. एक्स-वाय (नोटेची बोर्डवरची आडवी-उभी जागा) दिले नाहीत, तर प्रत्येक नोट ०,० वरच पडते आणि वीस बातम्यांचा एकच ढीग होतो. म्हणून प्रत्येक नोटला क्रमांक द्या. त्याला ५ ने भागा: बाकी गुणिले २५० म्हणजे एक्स, भागाकार गुणिले २५० म्हणजे वाय. शेवटचा क्रमांक एखाद्या स्प्रेडशीटमध्ये साठवा, नाहीतर पुढच्या वेळी मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होऊन नव्या नोटा जुन्यांवर बसतील.

नोटेवर मथळा आणि लिंक एवढंच ठेवा. सारांश हवाच असेल तर स्टिकीऐवजी कार्ड बनवा, त्यात वर्णनाची वेगळी जागा असते.